तापाची तारीख

स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कालनिर्णय असतं. दूध किती घेतलं, गॅसचा सिलिंडर कधी लावला, कामाच्या मावशींचा खाडा कोणत्या दिवशी, पेपरवाल्याचे पैसे दिले की राहिले, सगळं त्या चौकोनांत बारीक अक्षरात लिहिलेलं. घरात कुणाला सर्दीताप आला तर त्याची तारीख मात्र कुणी लिहीत नाही. त्यात लिहायचं काय, व्हायरल आहे, चार दिवसांत जाईल. बहुतेक वेळा जातोच. पण पुढे ज्यांना मेंदूच्या डॉक्टरांसमोर बसायची वेळ येते, त्यांना पहिल्या दोन-तीन प्रश्नांत हे विचारलं जातंच: "मागच्या महिन्याभरात सर्दी, खोकला, ताप, जुलाब असं काही झालं होतं का? नक्की कधी?" मग घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. "गणपतीच्या आधी ना गं?" "छे, नंतर. विसर्जनाला हा कुठे आला होता?"

ही चौकशी वायफळ नसते. श्वसनमार्गाच्या विषाणूंमागून मेंदूचे आणि नसांचे जे त्रास येतात, ते बरेचसे दिवसांच्या हिशेबाने येतात. तापाच्या पहिल्या चोवीस तासांत लहान मुलाला आकडी. पुढच्या दोन-तीन दिवसांत, फार क्वचित, मेंदूला सूज. आठवड्या-दोन आठवड्यांनी, ताप विसरूनही गेल्यावर, पायांतलं बळ जाणं. दोन-तीन महिन्यांनी लसणाच्या फोडणीला सडका वास येऊ लागणं. आणि गोवर असेल तर थेट सात-आठ वर्षांनी. प्रत्येक टप्प्यावर शरीरात चाललेली भानगड वेगळी असते, आणि एका टप्प्यावर जीव वाचवणारं औषध दुसऱ्या टप्प्यावर काही कामाचं नसतं.

"ताप मेंदूत गेला" असं आपण सहज म्हणतो. ते ऐकून वाटतं की विषाणू नाकातून चढत चढत डोक्यात पोचला. हर्पीससारखे काही विषाणू खरोखर मेंदूत शिरून पेशी मारतात. फ्लू किंवा कोविडच्या रुग्णाच्या पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, तपासलं तर मात्र त्यात विषाणू बहुतेक वेळा सापडत नाही. तो असतो नाकात, घशात, फुफ्फुसात. मेंदूत हैदोस घालतात ती आपल्याच प्रतिकारशक्तीने सोडलेली रसायनं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

पहिल्या दिवसापासून सुरुवात करू. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या शंभर मुलांपैकी दोन ते पाच जणांना कधी ना कधी तापातली आकडी येते. ती ताप चढता असतानाच येते, त्यामुळे कित्येक घरांत आधी आकडी दिसते आणि मग अंगाला हात लावल्यावर कळतं की पोर तापलंय. डोळे वर जातात, दातखीळ बसते, अंग लाकडासारखं ताठ होतं, मग हातपाय एका लयीत झटके देतात. ओठ निळसर पडतात, तोंडातून फेस येतो, कपड्यांत लघवी होते. हे पहिल्यांदा बघणाऱ्या आईला मूल गेलंच असं वाटतं, आणि तसं वाटण्यात तिची काही चूक नाही.

मग घरात पळापळ. "अहो, चप्पल आणा आधी!" कुणी कांदा फोडतं, कुणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतं, कुणी दातांत चमचा घालतं. चप्पल हुंगवली आणि पोर शुद्धीवर आलं, असं सांगणारी आजी खोटं बोलत नसते. तापातली बहुतेक आकडी दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. दाराबाहेरच्या ढिगातून चामड्याची चप्पल शोधून आणायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. श्रेय चपलेला मिळतं. चपलेने निदान फार नुकसान तरी होत नाही. चमच्याने होतं: दात तुटतो आणि तुटलेला तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. बोट घालणाऱ्याचं बोट फुटतं. शुद्ध नसताना तोंडात ओतलेलं पाणी फुफ्फुसात उतरतं. जीभ गिळली जाईल ही भीती तर निराधारच, जीभ गिळता येत नाही. चावली गेली तर चार दिवसांत भरते.

करायचं ते असं. आधी घड्याळ बघायचं, कारण घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांएवढं वाटतं आणि पुढचे सगळे निर्णय मिनिटांवर ठरतात. मुलाला जमिनीवर किंवा गादीवर कुशीवर वळवायचं, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर पडते. गळ्याजवळचं बटण सोडायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत. दुसऱ्या कुणाला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगायचं. हे निर्दयपणाचं वाटेल, पण "झटके दोन्ही बाजूंना होते की एकाच?" या प्रश्नाला घाबरलेल्या माणसाच्या आठवणीपेक्षा वीस सेकंदांचा व्हिडिओ फार चांगलं उत्तर देतो. पाच मिनिटं झाली आणि झटके थांबले नाहीत, तर १०८ ला फोन, किंवा गाडी दारात असेल तर सरळ दवाखाना.

ज्या मुलांना आधी आकडी येऊन गेली आहे त्यांच्यासाठी डॉक्टर मिडाझोलामचा नाकात मारायचा फवारा लिहून देतात. त्याचा नेहमीचा हिशेब किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या मुलाला दोन मिलिग्रॅम, दोन्ही नाकपुड्यांत अर्धं अर्धं. इथे दोन चुका ठरलेल्या. एक, सगळ्या बाटल्यांत एका फवाऱ्याचं औषध सारखं नसतं. काहींत अर्धा मिलिग्रॅम असतं, काहींत त्याहून जास्त. "मागच्या वेळी चार फवारे मारले होते" हा हिशेब नवीन बाटलीला लागू होईलच असं नाही. फवारे किती हे डॉक्टरांकडून विचारून त्या बाटलीवरच मार्करने लिहावं. दुसरी, नवीन बाटलीचा पंप आधी हवेत चार-पाच वेळा दाबून भरून घ्यावा लागतो. नाहीतर ऐन वेळी पहिले फवारे नुसती हवा सोडतात आणि घरच्यांना वाटतं औषध लागू पडलं नाही.

आकडीनंतर मूल झोपतं. अर्धा तास, कधी तासभर. ती झोप नैसर्गिक असते. उठल्यावर ते आईला ओळखतंय, कडेवर यायला हात पसरतंय, पाणी मागतंय, तर निम्मी काळजी मिटली. पहिल्या आकडीनंतर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच, कारण ताप कशाचा आहे हे बघावं लागतं. तासानंतरही पुरती जाग येत नाही, चोवीस तासांत दुसऱ्यांदा आली, झटके एकाच बाजूला होते, पंधरा मिनिटांवर चालली, मान ताठ आहे, किंवा मूल सहा महिन्यांच्या आतलं आहे, यातलं काहीही असेल तर "तापातली आहे, होतं असं" म्हणून घरी बसायचं नाही. बाकीच्यांना पुढे फेफरं लागण्याचा धोका इतर मुलांपेक्षा किंचितच जास्त. तीनातल्या एकाला पुन्हा कधीतरी तापात आकडी येते, आणि पाच-सहा वर्षांचं झालं की हे प्रकरण आपोआप बंद होतं.

हुडहुडीची आणि आकडीची गल्लत फार होते. हुडहुडीत मूल थरथरतं पण तुमच्याकडे बघतं, रडतं, पांघरूण ओढतं. थरथरणारा हात आपण धरला की थरथर दबते. आकडीत नजर हरवलेली असते आणि हात धरला तरी झटका चालूच राहतो.

पॅरासिटॅमॉलने आकडी टळत नाही, हे बऱ्याच पालकांना पटत नाही. दर चार तासांनी उठवून औषध पाजणारे आईबाप बघितले की वाईट वाटतं, कारण पुन्हा आकडी आली की ते स्वतःलाच दोष देतात. पॅरासिटॅमॉल द्यायचं ते मुलाला बरं वाटावं म्हणून, किलोमागे १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. खरा घोटाळा बाटल्यांचा. ड्रॉपरच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं. सिरप मात्र ५ मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅमचं. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचं म्हणजे ड्रॉप्स दीड मिलिलिटर, पातळ सिरप सहा मिलिलिटर, घट्ट सिरप तीन. ड्रॉप्सच्या बाटलीतून "एक चमचा" पाजला की तिपटीहून जास्त औषध पोटात जातं.

आता तापात बरळणं. जुनी माणसं "वात झाला" म्हणत, पोथीतला शब्द सन्निपात. ताप १०३-१०४ ला गेला की मूल भलतंच काही बोलतं, भिंतीवर किडे दिसतात, कुणीतरी आलंय म्हणून ओरडतं. असं काही मिनिटं चाललं, ताप उतरल्यावर ते भानावर आलं आणि पेज प्यायलं, तर ठीक. पण फ्लूच्या तापात हेच बरळणं संपत नाही, मधल्या वेळात मूल सुस्त होत जातं, आईला "तू कोण?" विचारतं, किंवा एक आकडी होऊन गेल्यावर नीट जागंच होत नाही, तर घड्याळ फार वेगाने धावतंय असं समजावं. मेंदूच्या या सुजेचा सर्वांत भयंकर प्रकार जपानमधल्या मिझुगुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये नीट वर्णन करून मांडला. ताप आल्यावर एक-दोन दिवसांत मूल बेशुद्ध पडतं, आणि एमआरआयमध्ये मेंदूच्या मधोमध असलेले दोन्ही थॅलॅमस एकसारखे सुजलेले, करपलेले दिसतात. डावीकडे जसं तसंच उजवीकडे, आरशात बघावं तसं. काही कुटुंबांत यामागे एका जनुकातला दोष असतो, आणि अशा मुलांना दुसऱ्या एखाद्या तापातही पुन्हा तेच होऊ शकतं. त्यामुळे एका भावंडाला झालं असेल तर दुसऱ्याचा साधा तापही साधा धरायचा नाही.

इथे शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेचा उपयोग होतो तो लवकर दिली तर, शक्यतो पहिल्या चोवीस तासांत. फ्लूवरचं ओसेल्टामिव्हिरही पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त गुण देतं. ताप कालपासून की परवापासून, हा प्रश्न इथे अक्षरशः औषधाचा होतो.

जपानी लोकांनी या बाबतीत जेवढा विचार केलाय तेवढा फार कुणी केला नाही. फ्लू झालेली काही शाळकरी मुलं तापाच्या भरात घरातून पळत सुटली, काहींनी गच्चीतून उड्या मारल्या. आधी संशय ओसेल्टामिव्हिरवर गेला आणि २००७ मध्ये तिथे १० ते १९ वयाच्या मुलांना ते देण्यावर बंधन आलं. पुढे दिसलं की औषध घेतलं नाही तरी फ्लूमध्ये असं वागणं होतंच, आणि २०१८ मध्ये बंधन उठलं. तिथल्या सरकारचा सल्ला मात्र राहिला: फ्लूचा ताप आल्यापासून किमान दोन दिवस मुलाला एकटं ठेवू नका, खिडक्या-दारांना कड्या लावा, जमलं तर तळमजल्यावर झोपवा. ठाण्या-पुण्यात आता विसाव्या मजल्यावर मुलं वाढतात. ग्रिल नसलेल्या बाल्कनीचं दार त्या दोन रात्री बंद ठेवायला पैसा पडत नाही.

औषधांबाबतही त्यांचा अनुभव आपल्याला लागू आहे. फ्लूमुळे मेंदूला सूज आलेल्या ज्या मुलांना डायक्लोफिनॅक हे ताप-दुखण्यावरचं औषध दिलं गेलं होतं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणून २००० च्या सुमारास ते, आणि पाठोपाठ मेफेनॅमिक अ‍ॅसिड, फ्लूतल्या मुलांना द्यायचं नाही असं तिथे ठरलं. आपल्याकडे मेफेनॅमिक अ‍ॅसिडचं सिरप "पॅरासिटॅमॉलने उतरत नाही तर हे द्या" म्हणून काउंटरवरून सर्रास हातात पडतं. लेबल वाचावं.

अ‍ॅस्पिरिनची गोष्ट त्याहून जुनी. सिडनीतले रोगनिदानतज्ज्ञ डग्लस राय यांनी १९६३ मध्ये २१ मुलांचा तपशील मांडला. साधा सर्दीताप किंवा कांजिण्या बऱ्या होत असतानाच अचानक उलट्यांवर उलट्या, मग बेशुद्धी, मेंदू सुजलेला आणि यकृतात चरबी साठलेली. पुढे त्याचा संबंध तापात दिलेल्या अ‍ॅस्पिरिनशी लागला. अमेरिकेत १९७९-८० मध्ये अशा ५५५ केसेस नोंदल्या गेल्या होत्या. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका हा इशारा घरोघरी पोचल्यावर, १९८७ पासून वर्षाला ३६ च्या वर आकडा गेला नाही. घरातली पाण्यात विरघळणारी डोकेदुखीची गोळी बऱ्याचदा अ‍ॅस्पिरिनच असते. ती मोठ्यांच्याच डब्यात राहावी. काही मुलांना कावासाकीच्या आजारासाठी (यात रक्तवाहिन्यांना सूज येते) अ‍ॅस्पिरिन बरेच दिवस घ्यावंच लागतं. त्यांनी ते मनाने बंद करायचं नाही, फ्लूची लस मात्र दरवर्षी घ्यायची. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, म्हणून लस एप्रिल-मेमध्ये झालेली बरी. नऊ वर्षांच्या आतल्या मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात.

मेंदूला सूज असल्याची शंका आली की पाठीतलं पाणी काढायचा विषय निघतो, आणि निम्मे नातेवाईक हात जोडतात. "पाणी काढलं की माणूस पांगळा होतो." हा समज पक्का बसलाय, कारण पाणी काढतात ते अत्यवस्थ रुग्णाचंच, आणि त्यातले काही पुढे पांगळे होतातही, पण मूळ आजाराने. मज्जारज्जू मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई टोचतात ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्याच्या किंवा चौथ्या-पाचव्याच्या फटीत. तिथे नुसते नसांचे धागे पाण्यात तरंगत असतात, सुई लागली की बाजूला सरकतात. नंतर दोन-चार दिवस उठून बसलं की डोकं दुखतं, हा खरा नेहमीचा त्रास. त्या पाण्याशिवाय हर्पीस आहे की जंतूंचा मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज), हे नुसत्या अंदाजावर ठरवावं लागतं.

आता तारीख पुढे सरकवू. ताप गेला, खोकला गेला, माणूस कामावर रुजू झाला, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या. दुसऱ्या दिवशी चप्पल पायातून निसटली. तिसऱ्या दिवशी जमिनीवर जेवायला बसल्यावर उठताना हाताचा टेकू लागला, चौथ्या दिवशी जिना चढवेना. "अशक्तपणा आलाय, ताकदीचं औषध घे." हा गियां-बारे सिंड्रोम, आता सगळ्यांच्या तोंडी बसलेला जीबीएस. १९१६ मध्ये फ्रेंच सैन्यातल्या दोन सैनिकांवरून गियां, बारे आणि स्ट्रोल यांनी त्याचं वर्णन केलं. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दोनशेहून जास्त रुग्ण निघाले तेव्हा हे नाव घराघरात पोचलं. ती साथ पाण्यातून, पोटाच्या जंतूंमधून आली होती. पण जीबीएसच्या रुग्णांपैकी साधारण दोन-तृतीयांश लोकांना आधी काहीतरी संसर्ग झालेला असतो, आणि तो पोटाचा असतो तसा छातीचाही असतो. जंतूच्या अंगावरची खूण आणि आपल्या नसांवरच्या आवरणाची खूण मिळतीजुळती निघाली की प्रतिकारशक्ती चोर सोडून संन्याशाला सुळी देते. चोर तर केव्हाच पळालेला असतो, म्हणून इथे विषाणूविरोधी औषधाला काही काम उरत नाही.

लकवा म्हटलं की आपल्याला एक बाजू गेलेली आठवते. इथे दोन्ही पाय सारखे जातात, मग हात, मग चेहरा. चूळ भरताना पाणी दोन्ही कडांनी गळतं, साबण लावताना डोळे मिटत नाहीत. गुडघ्यावर डॉक्टरांनी हातोडी मारली तर पाय उडत नाही. पाठीतलं पाणी पहिल्या आठवड्यात बरेचदा नॉर्मलच येतं, प्रथिन मागाहून वाढतं. "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून घरी नेलेला रुग्ण तिसऱ्या दिवशी श्वास लागून परत येतो.

श्वासाचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आला आणि ९७ आकडा दिसला की सगळे निर्धास्त होतात. जीबीएसमध्ये फुफ्फुसं चांगलीच असतात, थकतो तो भाता, म्हणजे श्वासाचे स्नायू. ऑक्सिजन अगदी शेवटपर्यंत चांगला दिसतो आणि मग एकदम कोसळतो. त्याऐवजी छाती भरून एक श्वास घ्यायला सांगायचं आणि त्या एकाच श्वासात, सेकंदाला दोन या गतीने, मोठ्याने आकडे म्हणायला लावायचे. धडधाकट माणूस चाळीसच्या पुढे जातो. सकाळी ३५, दुपारी २८, संध्याकाळी २२ असं उतरत चाललं असेल, तर ऑक्सिमीटर काहीही म्हणो, व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात हलवायची वेळ झाली. वीसच्या खाली म्हणजे उशीर होतोय. खोकल्यात जोर नसणं आणि पाणी पिताना ठसका लागणं या त्याच सुरातल्या खुणा.

उपचार दोन, आणि दोन्ही तोडीस तोड. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं, शिरेतून किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. साठ किलोच्या माणसाला रोज २४ ग्रॅम, एकूण १२० ग्रॅम, आणि बिल बघून घरच्यांना घाम फुटतो. दुसरा, रक्तातला प्लाझ्मा बदलणं, साधारण दोन आठवड्यांत पाच वेळा. एकापाठोपाठ दोन्ही करून जास्तीचा फायदा होत नाही. मेंदूच्या सुजेत जे स्टेरॉइड उपयोगी पडलं, ते इथे निरुपयोगी ठरलंय. तरीही "निदान स्टेरॉइड तरी द्या" असा आग्रह होतो. दोन, फार तर चार आठवडे आजार वाढतो, मग थबकतो, आणि उतरायला महिने घेतो. सहा महिन्यांनंतरही पाचातला एक जण आधाराशिवाय चालू शकत नाही. त्या काळात कूस बदलणं, घोट्याला आधार देणं, बोटं आखडू न देणं, हे घरच्यांचं आणि फिजिओथेरपिस्टचं काम असतं.

वासाचं दुखणं या सगळ्यापुढे किरकोळ वाटतं. ज्याला झालंय त्याला वाटत नाही. नाकाच्या छताला चाळणीसारखं भोकं पडलेलं एक पातळ हाड असतं, आणि त्या भोकांतून वासाच्या नसांचे धागे मेंदूकडे जातात. बाहेरच्या हवेला थेट टेकलेल्या चेतापेशी शरीरात दुसरीकडे कुठे नाहीत. कोविडचा विषाणू त्या चेतापेशींना फारसा धरत नाही. त्यांना टेकू देणाऱ्या शेजारच्या पेशींना धरतो. खांब पडले की छप्पर बसतं, तसं नाक चोंदलेलं नसतानाही वास एकाएकी जातो. बहुतेकांचा काही आठवड्यांत येतो. काहींचा येतो तो बिघडलेला: दोन-तीन महिन्यांनी कॉफी जळक्या रबरासारखी, कांदा-लसणाची फोडणी सडल्यासारखी, अंडं तर जवळ आणवत नाही. विचित्र वाटेल, पण पुष्कळदा ही नसा पुन्हा फुटत असल्याची खूण असते. नव्या तारा अजून नीट जुळलेल्या नसतात.

वास आहे की नाही हे घरी बघायला लोक कापूर किंवा बाम हुंगतात आणि फसतात. कापूर, पुदिना, अमोनिया यांचा झोंबरा थंडावा चेहऱ्याच्या वेगळ्याच नसेने कळतो. वासाची नस पुरती गेली तरी बाम "येतो". गुलाबपाणी प्रामाणिक, त्यात झोंबण्यासारखं काही नाही. डोळे मिटून, एकेक नाकपुडी बंद करून बघावं.

यावर गोळी नाही, व्यायाम आहे. जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेली पद्धत गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी या चार वासांची. सकाळी एकदा, रात्री एकदा, प्रत्येक वास दहा-पंधरा सेकंद, हलके हलके हुंगायचा, किमान बारा आठवडे. काचेच्या चार लहान बाटल्यांत कापसावर तेलाचे थेंब टाकले की झालं. हुंगताना तो वास कसा होता हे मनात आणायचं: लिंबू कापतानाचा, पुलावातल्या लवंगेचा. काहीच येत नाही म्हणून लोक तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात, तिथेच गाडी अडते. दर दोन-तीन आठवड्यांनी कापूस बदलावा, कारण तेल उडून जातं आणि आपण कोरडा कापूस हुंगत बसतो.

तोवर घर सांभाळायचं. घरगुती गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात एथिल मर्कॅप्टन मिसळतात, आणि ज्याला वास नाही त्याच्यापुरती ती सोय संपलेली असते. गळती ओळखणारं यंत्र बसवावं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून यंत्र जमिनीलगत. पाइपने येणारा हवेपेक्षा हलका, म्हणून छताजवळ. हे उलटं लावलेलं असलं की यंत्र असून नसल्यासारखं. फ्रिजमधल्या डब्यांवर तारीख लिहायची, कारण कालची डाळ आंबली हे जीभ सांगेल तेव्हा घास आत गेलेला असेल.

राहिला गोवर. त्याला आपण पुरळाचा आजार समजतो, पण तो पसरतो श्वासातून, खोकल्यातून. गोवर उठून गेला, मूल खेळायला लागलं, शाळेत गेलं. सात-आठ वर्षांनी गुण घसरतात, अक्षर बिघडतं, बाई चिठ्ठी पाठवतात की लक्ष नाही. जेवताना हातातली वाटी पडते, चालता चालता मान एकदम झुकते. बारकाईने पाहिलं तर हे झटके ठरावीक सेकंदांनी येतात, आणि ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखाच्या, कागदावर त्याच अंतराने मोठ्या लाटा उमटतात. हा एसएसपीई, गोवराच्या विषाणूने मेंदूला हळूहळू पोखरणारा आजार. आधीच्या फ्लू-कोविडच्या त्रासांत विषाणू मेंदूत बहुतेक वेळा सापडत नव्हता. इथे तो सापडतो. इतकी वर्षं, बदललेल्या रूपात, पेशीतून शेजारच्या पेशीत सरकत तो तिथेच राहत असतो. बरं करणारं औषध नाही. कॅलिफोर्नियातल्या एका पाहणीत पाच वर्षांच्या आत गोवर झालेल्या १,३६७ मुलांमागे एकाला, आणि वर्षाच्या आत झालेल्या ६०९ बाळांमागे एकाला तो झाल्याचं दिसलं. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती हळूहळू ओसरत असते आणि लस नऊ महिन्यांना असते. बाळ सापडतं ते या मधल्या फटीत. आजूबाजूच्या मुलांना लस झालेली असेल तरच त्या फटीत गोवर पोचत नाही.

डॉक्टर विचारतात, "गोवर कधी झाला होता?" ते कालनिर्णय केव्हाच रद्दीत गेलेलं असतं, किंवा त्याची पानं फडताळात डब्यांखाली अंथरलेली. घरात सापडतं ते लसीकरणाचं कार्ड, कडा दुमडलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत. एमआरची (गोवर-रुबेला लसीची) पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी १६ ते २४ महिन्यांत. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीच्या बाजूला गोवराची साथ आली, तेव्हा जिथे नऊ महिन्यांच्या आतली बाळंही आजारी पडत होती तिथे सहाव्या महिन्यापासूनच एक जादा मात्रा द्यायचं ठरलं. कार्डावर ती शून्य मात्रा म्हणून धरतात. ती मोजून दोन झाल्या असं धरायचं नसतं. नवव्या महिन्याची आणि सोळाव्या महिन्यानंतरची, दोन्ही द्यायच्या राहतातच.